आवाजताई गप्प झाल्या तेव्हा

बस स्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या बाईंना सगळे आवाजताई म्हणत. बाळंतपणाची रजा संपवून त्या पुन्हा माईकसमोर बसल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचा घसा धरला. आधी नुसती खवखव, मग ताप चढला आणि घसा असा दुखू लागला की आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं तर बंदच.

सासूबाईंनी चार महिन्यांची नात उचलून घेतली. "तापातलं दूध नको गं पाजूस. बाधेल तिला."

सकाळपासून लेक उपाशी. बाटली तोंडात धरेना, जिभेने बाहेर ढकलायची. रडून रडून घामाघूम झाली. इकडे ताईंची छाती दगडासारखी टणक झालेली. नवऱ्याने स्वतःच्या मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या काढल्या. "घे, मला लगेच उतार पडला होता."

ताईंनी गोळी हातात घेतली, लेकीकडे पाहिलं आणि गोळी परत ठेवून चपला घातल्या. नवरा आणि नातीला घेऊन सासूबाईही त्यांच्यासोबत दवाखान्यात निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने घसा पाहिला. टॉन्सिल लालबुंद, वर पांढरे ठिपके. "बाळ अंगावर पितं? कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"पितं. ॲलर्जी-बिलर्जी काही नाही," नवराच बोलला.

बाई लिहू लागल्या. ताईंनी टेबलावर थाप मारली. आवाज फुटेना. दंडाला सुई टोचल्याची खूण केली, गाल फुगवून दाखवले, गळा धरला. मग कशीबशी कुजबुजल्या, "पेनिसिलिन. लहानपणी."

नवऱ्याने खिशातली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटून वाचली. "त्याच जातीची. बरं झालं, घेतली नाहीत."

तो ताईंकडे वळला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"दुसरं औषध देते, पाजणाऱ्या आईला चालणारं," बाई म्हणाल्या. "तापाला पॅरासिटामॉल. पाजणं थांबवू नका, दुधातून औषध अगदी थोडं जातं. बाळाला जुलाब झाले, पुरळ उठलं, तर कळवा. तुमचं तोंड उघडेना, थुंकीही गिळता येईना, श्वास लागला, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत."

सासूबाई बाहेरच्या बाकावर नातीला जोजवत होत्या. सुनेने हात पुढे केले. त्या क्षणभर घुटमळल्या, मग नात तिच्या कुशीत देऊन पदराचा आडोसा धरून उभ्या राहिल्या. लेक अधाशासारखी प्यायली.

गोळ्या चालू असताना लेकीला दोनदा पातळ शी झाली. नवऱ्याने लगोलग दवाखान्यात फोन केला; पाजत राहा, लक्ष ठेवा, असं उत्तर आलं. जुलाब आपोआप थांबले. ताई माईकसमोर परतल्या तेव्हा आवाज अजून जाडा होता. एका ड्रायव्हरने विचारलं, "नवीन बाई आल्या का हो?"