लूकच्या बाजूची जागा

एखादी गोष्ट एकदाच ऐकली आणि आमच्या शेजारच्या काकांना ती पटली, असं कळव्यातल्या आमच्या इमारतीत आजवर घडलेलं नाही. नोकरीत असताना ते विम्यासाठी अपघातांची चौकशी करायचे. निवृत्तीनंतर अपघात संपले, चौकशी राहिली. टाकी भरून वाहिली तर ते आधी वॉचमनला गाठणार, मग मला, आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळलं की मान हलवणार. "ठरवून सांगताय तुम्ही. खरे साक्षीदार कुठेतरी वेगळे पडतातच."

त्यात काका ख्रिस्ती. एकाच प्रभूची शिकवण बायबलात मत्तय, लूक अशा वेगवेगळ्या लेखकांनी लिहिली आणि ती जागोजागी वेगळी उतरली, म्हणजे त्यांना जन्माचं काम मिळालं. मी माजिवड्याहून ऑफिस उरकून, हातात भाजी-दुधाची पिशवी घेऊन जिना चढत असले की ते दारातच उभे. "मत्तय म्हणतो, प्रवचन डोंगरावर झालं. लूक म्हणतो, सपाटीवर. तुला काय वाटतं?"

"काका, लिफ्ट बंद आहे. मला चारही मजले डोंगरच वाटतायत."

यावर माणूस हसेल. काकांनी गंभीरपणे विचार केला. "म्हणजे दमलेल्या माणसाची साक्ष वेगळी. मुद्दा आहे!" पिशवीतलं दूध कोमट होत राहिलं.

घरात त्यांना प्रतिपक्ष होता तो काकूंचा. जेवणाआधी दोघं प्रभूची प्रार्थना म्हणायची. काका मत्तयची म्हणायचे, लांब. काकू लूकची, आखूड. काका अर्ध्यावर असताना काकूंचा भात कालवून झालेला असायचा. मत्तयकडे सुरुवातीलाच 'स्वर्गातल्या पित्या' आणि लूककडे नुसतं 'पित्या', यावर तर रोज वाद. "अहो, बापाला हाक मारायला पत्ता कशाला लागतो?" काकू विचारायच्या. आमची भिंत पातळ. मला दोन्ही बाजू पाठ झाल्या, नको असताना.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काका जिन्यात दिसेनासे झाले. लिफ्ट पुन्हा बंद पडली, त्यांच्या दारासमोर दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली, आणि काकांनी काही न विचारता दार लावून घेतलं. मी पाठवलेला डबा संध्याकाळी भरलेलाच परत यायला लागला. शांतता मिळाली तर झोपा काढीन, असं मी कितीदा म्हटलं होतं. झोप काही लागेना.

मग एका रविवारी दुपारी मी आमटीभात घेऊन गेले आणि ताट वाढून समोरच बसले.

"जेवा."

"प्रार्थनेशिवाय कसा जेवू?"

"मग म्हणा."

"'स्वर्गातल्या' म्हणतो आणि थांबतो गं. टोकायला कोणी नाही."

मला धर्मातलं ओ की ठो कळत नाही, आणि घरी आठवड्याचे कपडे धुवायचे पडले होते. "मग गाळा तेवढं," मी म्हटलं. "बापाला हाक मारायला पत्ता कशाला लागतो?"

त्यांनी मान वर केली. "हे तिचं आहे."

"माहीत आहे. भिंत पातळ आहे."

"तिचं असलं तरी चूक आहे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मत्तय कोणासाठी लिहीत होता, ते आधी बघ..." आणि सुरू झाले. आमटीवर पापुद्रा धरला तरी मत्तय थांबेना.

"काका, लूक एव्हाना जेवून उठला असता."

त्यांनी ताट पुढे ओढलं. डोळे मिटले, "पित्या" म्हणाले, आणि पुढचं सगळं आखूड, काकूंसारखं. घास घेतल्यावर बोट उगारून म्हणाले, "ही सवलत आजच्यापुरती हं."

तेव्हापासून दर रविवारी मी लूकच्या बाजूने असते. विषय मला झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही येतो. काकूंना तरी लूकचं एवढं काय पडलं होतं, कोण जाणे. ताटातला भात गार व्हायच्या आत नवऱ्याच्या पोटात जावा, एवढंच असेल.