काटा उठल्याबिगर बोट सुटणार न्हाई

मंडळी, आज अंबडच्या तळ्यावर माझी चांगली फजिती झाली. हा कागद मुद्दाम वाचनालयाच्या फळ्यावर लावून राह्यलो, म्हणजे माझ्यासारखे जालन्याच्या सगळ्या जिनिंगमधले फिटरभाऊ वाचतील.

देशमुखांच्या मोटारबोटीत तेलाचा दाब दाखवणारा काटा दसऱ्यापासून बंद. हैदराबादेहून नवा आणून मीच बसवला, तोही उठंना. आज बोटीत बायालेकरं बसणार होती. देशमुखांचे दिवाणजी म्हणाले, "इंजिन तर बराबर चालतंय. काट्याचं काय घेऊन बसलास? जल्दी कर."

मी म्हणालो, "तळ्याच्या मधी इंजिन जाम झालं तर? काटा उठल्याबिगर बोट सुटणार न्हाई."

मंग नवा-जुना, दोन्ही काटे खोलले. दोन्हींच्या मागं तेल आत यायचं भोक असतं, त्यात कुंकू गच्च बसलेलं! लावणारा मीच. खंडेनवमीला हत्यारांसोबत काटाही काढून पुजल्ता. समोरच्या काचेवर डाग नको म्हणून कुंकू मागं लावलं. नवा आला, त्यालाही तसंच.

घासलेट अन् तारेनं भोक साफ केलं, काटा बसवून इंजिन चालू केलं. काटा उठला, पण अर्ध्यावरच थांबला. पाहिलं तर इंजिनातलं तेल तळाला गेलेलं! तेल भरलं, काटा पुरा उठला, तवा कुठं लेकरं बसवली.

"काय अडकलं होतं रे?" दिवाणजींनी विचारलं. मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं.

पूजा सोडणार न्हाई, पण पुढच्या दसऱ्याला कुंकू फक्त पान्याला. तुम्ही कुठं लावता? खाली पेन्सिलीनं लिहा. लाज वाटली तर नाव घालू नका, पण तुमचा काटा आजच खोलून बघा.