बंडीखालची सरकी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारं कोणी झालं नाही. घरातल्या माणसानं लिहिलेलं मी पाहिलं ते एवढंच, की बाबा कापसाच्या गाठोड्यावर कोळशानं स्वतःचं नाव काढायचे, आणि जागा संपली की आडनाव अर्ध्यात सोडून द्यायचे. अशा घरातल्या मुलानं कॉलेजच्या अंकात लिहावं, आणि तेही कुत्र्यांवर, हे मलाच थोडं जास्त वाटतं. विषय सबनीस काकूंनी सुचवला. हॉस्टेलजवळच्या सोसायटीतले कुत्रे मी सकाळ-संध्याकाळ फिरवतो, त्यांत काकूंचा बीगल आहे. ‘तुझ्या आवडत्या ब्रीड्सबद्दल लिही, तुझ्याएवढा अनुभव कोणाला आहे,’ असं त्या म्हणाल्या. मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तेव्हा मात्र सगळ्यात आधी फाट्यावरची ती सकाळ आठवली, आणि त्या सकाळी तिथं ब्रीड असलेलं एकही कुत्रं नव्हतं.

तेव्हा हे अंकातल्या वाचकांसाठी आहेच, पण त्याहून जास्त आमच्या समुद्रपूर तालुक्यात राहिलेल्या माणसांसाठी आहे, आणि माझ्यासारखी बॅग पाठीवर टाकून निघालेल्या मुलांसाठी. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव रस्त्यापासून आत आहे. एसटी फाट्यावर मिळते. मी पुण्याला निघालो त्या दिवशी बाबांनी बंडी जुंपली. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. सामान एका बॅगेचं, चालत सहज गेलो असतो. पण घरातलं पहिलं पोरगं कॉलेजला चाललंय तर ते बंडीतून जाणार, असं बाबांनी ठरवलं होतं. मी नेहमीसारखा मागच्या टोकाला पाय खाली सोडून बसलो. दोन चाकांच्या मधल्या सावलीत, माझ्या पायांशी, सरकी चालत होती.

सरकी म्हणजे आमची कुत्री. आमची म्हणतो, पण ती कोणी आणली नव्हती. एका हिवाळ्यात आमच्या आतल्या खोलीत कापूस भरून ठेवला होता आणि त्या ढिगातून काहीतरी कुईकुई करत बाहेर आलं. अंगभर कापूस चिकटलेला, आत काळपट करडा रंग. हुबेहूब रुई काढायची राहिलेली सरकी. नाव आईनं ठेवलं. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, कुत्री आहे, पुढं पिल्लं घालीन, कोन पाहीन त्यायले. तिला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. ‘तुयं कुत्रं’ असंच म्हणायचे. ‘तुयं कुत्रं चपला घेऊन गेलं.’ चप्पल मात्र ते स्वतःच शोधून आणायचे, तिच्यावर ओरडलेले मला आठवत नाहीत.

आमच्या गावात कुत्रं विकत घेत नाहीत आणि बांधतही नाहीत. ते कोणाचं, हे एकाच गोष्टीवरून ठरतं. सकाळी वावराकडं बंड्या निघाल्या की ज्याच्या बंडीखाली ते चालेल, त्याचं ते कुत्रं. यावर भांडण होत नाही. सरकी पिल्लू असताना पहिल्यांदा आमच्या बंडीखाली शिरली तेव्हा आमचे शेजारी डोमाजीकाका बाबांना म्हणाले होते की झालं, आता ही तुमच्या गळ्यात. बाबांनी बैल थोडे हळू हाकले.

यावरूनच बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मला शाळेत चांगले मार्क पडले आणि मी घरात जास्त बोलायला लागलो की ते म्हणायचे, “बंडीखालच्या कुत्र्याले वाटते, बंडी आपूनच ओढून राह्यलो.” सगळे हसायचे. मीही हसायचो. पण बारावीचा निकाल घेऊन आलो तेव्हा ते वाक्य म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं.

फाट्यावर एसटी आली. बाबांनी बॅग वर दिली, आणि एवढंच म्हणाले, “पोहोचला का फोन करजो. उपाशी राहू नको.” खिडकीतून पाहिलं तर सरकी बंडीखालीच बसून होती. एसटीमागं धावेल अशी मला भीती होती, ती धावली नाही. मला तेव्हा बरं वाटलं. पुढचं रात्री फोनवर कळलं. बाबांनी बंडी वळवली, बंडी पुढं गेली, सावलीही गेली, आणि सरकी उन्हात तिथंच बसून राहिली. बाबांनी थोडा वेळ बैल थांबवले, मग निघाले. ती संध्याकाळी आपल्या मनानं घरी आली. पण दुसऱ्या दिवशी बंडी जुंपली तर ती आलीच नाही. त्यानंतर ती कोणाच्याच बंडीखाली चालली नाही.

आता पुण्याबद्दल, म्हणजे काकूंनी सांगितलेल्या विषयाबद्दल.

इथं आल्यावर मला कळलं की कुत्र्याला ब्रीड असते आणि ती लोक विचारतात. आमच्या गावात माणसाची जात विचारतात, कुत्र्याची कोणी विचारत नाही. मला आवडणारी पहिली ब्रीड लॅब्राडोर. बी विंगमधला ऑस्कर लॅब आहे. त्याला काहीही द्या, खातो. सोसायटीच्या कारंज्यात उडी मारतो आणि मग मलाच ओलं करतो. त्याच्यासोबत असलं की आपण परके आहोत हे आठवत नाही, कारण त्याला परकं कोणी वाटतच नाही. दुसरा हस्की. निळे डोळे, बर्फातलं अंग, आणि ऑक्टोबरमधलं पुणं. तो दिवसभर एसीखाली असतो आणि खाली आणला की फरशीवर पोट टेकून बसतो. त्याला मी ओढत नाही. तोही बाहेरगावचा, त्याला वेळ लागणार. तिसरा मुधोळ. आपल्याच देशात अशी नावाजलेली जात आहे हे मला माहीतच नव्हतं. सडपातळ, लांब पायांचा, चालतानासुद्धा धावतोय असा वाटणारा. हा आमच्या वावरात असता तर एकही रोही, म्हणजे नीलगाय, कापसाच्या पऱ्हाटीत टिकला नसता, असं दर वेळी मनात येतं. या विषयावर माझं वाचन कमी आहे, जे रोज हाताशी येतं तेवढंच लिहिलं.

बीगल चौथा, पण त्याची गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी काकूंनी कोकोचा पट्टा माझ्या हातात दिला आणि मी गेटबाहेर जाऊन तो सोडून टाकला. आमच्याकडं बांधलेलं कुत्रं म्हणजे एक तर चावरं, नाही तर कोणाचं तरी पळवून आणलेलं. मला वाटलं, मोकळा सोडला की माझ्यासोबत चालेल. कोकोनं एकदा हवा हुंगली आणि तो गेला. मी आणि वॉचमन दोघं पळत सुटलो. शेवटी सापडला तो कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीच्या हातगाडीखाली, बरोबर चाकांच्या मध्ये, सावलीत बसलेला. मला इतकं हसू आलं की आवरेना. काकू मागून धापा टाकत आल्या आणि हसतोस काय म्हणून रागावल्या. मग तिथंच उभं राहून त्यांना बंडीची गोष्ट सांगितली. त्यांचा राग गेला की नाही माहीत नाही, पण काम गेलं नाही. आणि त्या दिवसापासून त्या रोज विचारायच्या, सरकी चालली का?

रोज सांगायचो, नाही.

आई फोनवर सगळं सांगायची. सरकी घरी भाकर खाते, देवळापुढं झोपते. डोमाजीकाकांनी तर तिला दूध-भाकर सुरू केली होती. त्यांची म्हातारी कुत्री त्याच पावसाळ्यात गेली होती आणि त्यांची बंडी खालून रिकामी होती. आता सरकी कोणाचीच नाही, मग मी का नको, असं ते उघडच बोलायचे. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. सरकी दूध प्यायची, भाकर खायची आणि बंडी निघाली की दुसरीकडं तोंड करून बसायची. आई म्हणाली, “इलेक्शनमधल्या मानसावानी झालं तिचं. खाते सगळ्यायचं, चालत कोनासंगच नाई.”

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर बरं वाटायचं नाही. मी सुट्टीत गावी जाईन तेव्हा ती दुसऱ्याच्या बंडीखालून जाताना दिसली तर? मला कोणाला काही म्हणता येणार नव्हतं. मी स्वतःच त्या बंडीतून उतरलो होतो. वर्गात माझी भाषा बदलत होती. ‘मले’ तोंडात यायचं आणि मी ‘मला’ म्हणायचो. हॉस्टेलवर ‘हो’च्या जागी ‘हाव’ म्हटलं की मुलं नक्कल करायची, म्हणून मी ‘ओके’ म्हणायला लागलो. मग आता मी नेमका कोणाचा, हे सरकीसारखंच झालं होतं. एकदा धीर करून बाबांनाच विचारलं की तिला जरा बोलावून पाहा ना, नावानं हाक मारा. बाबा म्हणाले, “जाऊ दे. जिथं सावली भेटन, तिथं जाईन.”

ते कुत्रीबद्दलच बोलत होते. पण मला ते वाक्य बरेच दिवस लागून राहिलं.

पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर आई म्हणाली की सरकी दोनेक दिवस दिसली नाही. त्यानंतर तिनं तो विषयच काढला नाही. विचारलं की म्हणायची, तू पेपर लिही. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची परीक्षा देत होतं, त्यामुळं मला काहीही सांगायचं नाही असं घरानं ठरवलेलं दिसत होतं. मी वाईटच धरून चाललो. काकूंना सांगितलं की ती आता नाही. त्यांनी त्या दिवशी कोकोला स्वतःच फिरवलं आणि मला चहा करून दिला.

काल शेवटचा पेपर झाला. बाहेर येऊन घरी फोन लावला तर उचलला डोमाजीकाकांनी. ते आमच्या अंगणात बसले होते.

“कोन, पुन्याचे साहेब का? तुया बाप माही बंडी घेऊन वावरात गेला.”

मी विचारलं की काऊन, आमची बंडी मोडली का?

“मोडली नाई. उभी हाये आंगनात. बंडीखालच्या कुत्र्यानं बंडी थांबवली, बाप्पा.” आणि मग खरोखर दुखावल्यासारखे म्हणाले, “दूध-भाकर म्या चारली. पिल्लं घालाले मातर तुमचीच बंडी गोड लागली तिले.”

आईनं फोन घेतला आणि सगळं सांगितलं. पेपर सुरू झाले त्याच दिवशी सकाळी बाबा बैल घेऊन बंडी जुंपायला गेले, तर जू दगडावर टेकवून उभ्या केलेल्या बंडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, सरकी पिल्लं घेऊन पडलेली. ऐन वेचणीचे दिवस. वावरातून रोज कापूस आणायचा. आई म्हणाली, पोतं अंथरून बैलांच्या कोठ्यात हलवू तिला, तिथं ऊबही आहे. बाबा नाही म्हणाले. बैल परत बांधले आणि डोमाजीकाकांकडं बंडी मागायला गेले. ज्या माणसानं आयुष्यात कोणाचं काही मागितलं नाही, तो तेव्हापासून रोज शेजाऱ्याच्या बंडीतून आपला कापूस आणतो, आणि आपली बंडी अंगणात जागची हलू देत नाही.

आईनं त्यांना विचारलं होतं, एवढी मोकळी जागा असताना हा हट्ट कशाला. तेव्हा ते काय म्हणाले ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. “मोकळी जागा पाहून नाई आली. बंडी पाहून आली.”

संध्याकाळी बाबांचा स्वतःचा फोन आला. ते कधी आपणहून लावत नाहीत. पेपरचं विचारलं, जेवणाचं विचारलं. पिल्लं किती, असं मी विचारलं तर म्हणाले की मोजली नाहीत, जवळ गेलं की गुरगुरते. मग जवळ जाता कशाला, असं मी म्हणालो.

“पानी ठेवा लागते ना सरकीले.”

नाव घेतलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. त्यांनी विचारलं की कधी निघतोस. उद्या संध्याकाळच्या गाडीनं, असं सांगितलं.

“येजो मंग. फाट्यावर येतो मी. बंडी नाई भेटन पन तुले, पायदळ चालाव लागन.”

बॅग भरून ठेवली आहे. हे पान काकूंकडं देतो आणि निघतो. फोनवर शेवटी मी बाबांना काय म्हणालो तेवढं सांगायचं राहिलं. खोलीत मुलं होती, तरी मोठ्यानं म्हणालो, “हाव बाबा.”