खिल्लारे मॅडमचं हळकुंड

खिल्लारे मॅडमच्या हातात पेन क्वचित दिसायचं, हळकुंड मात्र कायम असायचं. वाळलेलं, बोटाएवढं, आमच्याच गोदामातलं. कुणी इंग्रजी वाक्यात कंपनीचं नाव वेडंवाकडं लिहिलं की त्या हळकुंडानं टेबलावर ठोकायच्या. ठक! त्या आवाजानं पोत्यांवरची मांजर उठून बसायची आणि उभे असलेले चेअरमन खुर्चीत बसायचे.

आमची सोनकांडी ही कुरुंद्याकडची शेतकऱ्यांची हळद कंपनी. मी तिचं गोदाम सांभाळतो. मॅडम परगावच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत लिहायच्या आणि आमच्यापैकी ज्याला लिहायची हौस येईल त्याला शिकवायच्या. त्यांच्या खोलीला खिडकी एकच, आणि हंगामात तीही पोत्यांच्या थप्पीनं बंद. उजेड हवा असेल तर माल विकला जायची वाट बघायची.

चेअरमन बापूराव म्हणजे मोठा भाविक माणूस. इंग्रजीत कंपनीचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, म्हणजे कॅपिटलमध्ये पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

"मॅडम, आमी शेरहोल्डरला काय तोंड दाखवावं? पहिलंच अक्षर मोठं, बाकीचे बारके. उपाशी लेकरावानी दिसून राहिलं नाव!"

ठक! "बापूराव, समदेच मोठे केले की कंपनी बोलत न्हाई, बोंबलते. पाटीवर बोंबला. वाक्यात सभ्य माणसावानी बसा."

हैदराबादच्या मसाला कंपनीचं नाव नुसतं लिहायलाही बापूरावांचा जीव धजावत नसे. "एवढं मोठं गिऱ्हाईक, आन् मागं 'जी' न्हाई, 'साहेब' न्हाई? नुसतं नाव काहून घेता?"

"तुमच्या घरी वहिनी तुमचं नाव घेत न्हाईत, तसं हैदराबादचं काही नसतं," मॅडम म्हणाल्या. "ज्याचं नाव त्यानं जसं लिवलं तसं लिवायचं. दुसऱ्याच्या नावाला आपलं शेपूट लावायचं न्हाई." संचालक मंडळ पोट धरून हसलं. बापूराव हळदीसारखे पिवळे झाले.

माझी पाळी आली ती कंपनीचं नाव छोटं करण्यावरून. मी पहिल्याच ओळीत आद्याक्षरं ठोकून दिली होती. "गोविंदराव, पाव्हण्याला वळख न देता 'आमची बबी' म्हनलं तर त्याला काय कळनार? पहिल्यांदा पूर्ण नाव. वळख झाली की मंग घरचं नाव." हा धडा मी जन्मात विसरणार नाही, कारण तेव्हापासून सगळा स्टाफ मला बबी म्हणतो.

मग त्याच हैदराबादच्या कंपनीनं मॅडमना नोकरी देऊ केली. मॅडमनी राजीनामा लिहिला आणि भर मीटिंगमध्ये बापूरावांसमोर ठेवला. बापूरावांनी तो वाचला नाही. त्यांनी टाळी वाजवली. "शाल आणा रे!"

आमच्याकडे सत्कार हा असा प्रकार आहे की त्यात माणूस जागच्या जागी बांधला जातो. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, समोर फोटोवाला. राजीनामा द्यायला हात उरतो कुठं? वर बापूरावांचं भाषण: "मॅडम म्हंजे आपल्या कंपनीची लेक. लेक काय घर सोडून जाती व्हय?" टाळ्या. एवढ्या लोकांसमोर 'व्हय, जाती' असं कोण म्हणणार? मॅडम मान खाली घालून बसल्या. पुढच्या मीटिंगलाही तेच, त्याच्या पुढच्याही. कपाटात शाली साठत गेल्या.

एका दुपारी मी चहा घेऊन गेलो तर मॅडम त्या कपाटाकडे बघत बसलेल्या.

"गोविंदराव, हितं माझी चूक काढणारं कोणीच न्हाई हो," त्या म्हणाल्या. "मी ठोकते, तुमी ऐकता. पण मला कोण ठोकणार? हळूहळू मी जे लिवीन तेच बराबर ठरंल. मला भ्या वाटून राहिलं. हैदराबादवाले या म्हैन्यापुरतेच थांबणार हायेत."

बाहेर हमाल थप्पी चढवत होते. खोलीत अंधार वाढत होता. मी त्यांच्यासाठी आणलेला चहाच फुंकत बसलो.

महिनाअखेरच्या मीटिंगला मॅडम एक गाठोडं घेऊन आल्या. बापूराव शालीसाठी हाक मारणार, इतक्यात त्याच उभ्या राहिल्या. "आज सत्कार माझ्याकडून." आणि त्यांनी बापूरावांच्या खांद्यावर शाल टाकली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात गुच्छ. मग एकेक करत सगळं संचालक मंडळ शालींनी बांधून काढलं. भर उन्हाळा, वर पत्रे. मोठमोठे बागायतदार घामानं निथळत, नारळ सांभाळत, गप्प!

"बापूराव म्हंजे मला बापासारखे," मॅडम म्हणाल्या. "आन् बाप लेकीला कोंडून ठेवत न्हाई, वाटंला लावतो." टाळ्या पडल्या. सवयच होती. टाळ्या थांबल्यावर त्यांनी राजीनामा बापूरावांच्या मांडीवर ठेवला. परत करायला बापूरावांचे हात मोकळे नव्हते. डोळे मात्र भरले होते, आणि पुसायची तीच पंचाईत. मॅडमनीच शालीच्या टोकानं पुसले.

त्या गेल्या. चार दिवस गोदामात ठक ऐकू आलं नाही तर मांजर अन्न खाईना.

पाचव्या दिवशी बापूरावांनी मीटिंग बोलावली. मी मजा बघायला पहिल्या रांगेत. "मॅडमनंतर इंग्रजी कोन जाणतो? आपले गोविंदराव!" आणि काही कळायच्या आत माझ्या खांद्यावर शाल. हातात नारळ. फोटोवाला. टाळ्या!

आता मी त्या खोलीत बसतो. हंगाम आहे, खिडकी बंद आहे. परवा बापूराव आले, म्हणाले, "बबी, आता तरी समदं नाव मोठ्या अक्षरात घे बाबा." मॅडमनी टेबलावर सोडून दिलेलं हळकुंड मी उचललं आणि ठोकलं. ठक! आत कोंडलेला माणूस दार वाजवतो ना, हुबेहूब तसाच आवाज आला. मॅडम इतकी वर्षं काय वाजवत होत्या, ते मला तेव्हा ऐकू आलं.

बापूराव मात्र मुकाट खुर्चीत बसले होते.