समोरच्या बाजूची सुई

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, घोड्यांची खोगिरं करतात. सगळा रस्ता त्यांना खोगीरवाले म्हणूनच ओळखतो. त्यांच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा लायक माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या शिवायच्या मशीनच्या खरेदीत पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर मीच होतो.

खोगिराचं चामडं म्हणजे चपलेचं चामडं नव्हे. घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा जातो, त्यावर स्वाराचा जीव असतो. तिथे जाड चामड्याचे तीन थर एकावर एक चिकटवतात. करंगळीएवढी जाडी होते. मग आरीने भोक पाडायचं, त्याच एका भोकातून दोन बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि मेणवलेले दोन्ही दोरे एकदम ओढायचे. खरं तर हे काम एकट्याचं. कारागीर लाकडी शिकंजा गुडघ्यांत धरतो, त्यात पट्टा अडकवतो आणि दोन्ही हातांनी शिवतो. पण दाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं लहानपणीच चामडं कापायच्या यंत्रात गेली होती. त्या हाताने वस्तू धरता येई, दोरा ओढता येत नसे. त्यांच्या वडिलांनी त्यांना कापायला आणि रंगवायला बसवलं. शिवण तुझ्या नशिबात नाही म्हणाले.

मग ताई लग्न होऊन त्या घरात आली आणि काही दिवसांत शिकंज्याच्या पलीकडे जाऊन बसली. हे कसं ठरलं, कोण आधी बोललं, मला माहीत नाही. ताईला विचारलं की ती म्हणे, "घरात बसून कंटाळा यायचा." एवढंच. दाजी भोक पाडून आपली सुई घालत, ताई पलीकडून तिची घाली, मग दोघं एकदम ओढत. ओढताना दोघांच्याही माना एकाच बाजूला झुकत. बोलणं जवळपास नसेच. सासरे होते तोवर बाजूने जाता-येता म्हणायचे, "ही शिवण आहे का भांडण? दोघंही आपापल्याकडेच ओढताय!"

असं त्यांचं आयुष्य गेलं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन खिडकीपाशी बसत असे. मला दोघांपैकी कोणीच काही विचारत नसे, आणि मला तेच आवडत असे.

ताईला झटका आला तो सकाळी, दोऱ्याला मेण लावताना. तोंड वाकडं झालं होतं ते बरंचसं सरळ झालं. बोलणं परत आलं, थोडं सावकाश. पाय ओढत का होईना, ती चालू लागली. उजवा हात मात्र आला नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू घेऊन दाबायला सांगितलं. ताई म्हणाली, घरात एवढं मेण असताना चेंडू कशाला विकत आणायचा? दाजी मेणाचा गोळा खिडकीत उन्हाला ठेवून मऊ करत आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवत. मग समोर बसून राहत.

"काही वाटतं का बोटांत?"

"वाटतं," ताई सुरुवातीला म्हणायची. पुढेपुढे म्हणू लागली, "वाटतं. तुम्ही उठून काहीतरी काम करावं, असं वाटतं."

पण काम करणार कसं? दुसरी सुई कोणाच्या हातात द्यायची? एक दिवस ताईच्या स्टुलावर मीच बसलो. दाजींनी भोक पाडलं, सुई घातली. मीही घातली आणि ओढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा भोक, पुन्हा सुई. थोड्या वेळाने त्यांनी आरी खाली ठेवली.

"मेहुणे, तुम्ही दोरा ओढताय की त्याची माफी मागताय?"

ताई आतून हसली. मीही हसलो, पण बोटाला सुई लागली होती ती दाखवली नाही. ती सगळी शिवण दाजींनी रापीच्या पात्याने उसवून टाकली. त्यानंतर ओळखीचा एक चप्पलवाला बसून गेला. त्याला जोर होता, पण त्याची ओढ दाजींच्या ओढीआधीच यायची.

तबेल्याचा मुकादम चांगला माणूस. वर्षानुवर्षं त्याने दुसऱ्या कोणाकडून खोगीर घेतलं नव्हतं. तो येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काका, घोडे थांबतात, स्वार थांबत नाहीत. आता जाड चामड्याच्या मशीन निघाल्यात. एक घ्या. नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल, आणि मला जायचं नाहीये." दाजी बघतो म्हणाले. बघतो म्हणजे नाही, हे ताईला कळलं.

त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझं सत्तरीकडे झुकलेलं वय असलं तरी ताईसाठी मी छोट्याच.

"छोट्या, तू यांना घेऊन जा आणि मशीन बघून ये. एकटे गेले तर कोपऱ्यावरून परत येतील."

"मला मशीनमधलं काय कळतंय?"

"तुला काही कळावं म्हणून पाठवत नाहीये. तू फक्त बरोबर जा."

आम्ही निघालो. दाजींनी कापडात गुंडाळलेला चामड्याचा तुकडा पिशवीत घातला. मशीन बघायची तर आपल्या मालावर बघायची, दुकानदाराच्या मालावर नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मला ते पटलं.

पहिलं दुकान काचेचं होतं. विक्रेत्याने मऊ चामड्याची एक चिंधी काढली आणि सरसर शिवून दाखवली. दाजींनी मान हलवली आणि आपला तुकडा पुढे केला. "अरे वा, काकांनी तयारी करून आणलीय," म्हणत त्याने तो मशीनमध्ये घातला. कट्. सुई मोडली. सुई जुनी असेल म्हणून त्याने नवी लावली. तीही मोडली. त्याचं हसू तसंच होतं, पण तुकडा परत देताना त्याने तो दोन हातांनी दिला.

दुसरीकडची मशीन दांडगी होती. तिचा दाबून धरणारा पायसुद्धा सुईबरोबर पुढे चालायचा, म्हणजे थर सरकत नाहीत. सुई आत गेली आणि तिथेच अडकली. मोटर ओरडू लागली, तिच्या पट्ट्याचा जळका वास सुटला, दुकानदार धावत येऊन बटणावर पडला.

रस्त्यावर आल्यावर दाजी जवळजवळ खुशीत होते. झटका आल्यापासून त्यांना असं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला. "बघितलंत ना मेहुणे? ही काय शिवणार! आणि शिवलं तरी मशीनचा वरचा दोरा वरच राहतो, खालचा खाली. मध्ये एकमेकांना अडकतात आणि आपापल्या बाजूला परत जातात. आपल्या शिवणीत प्रत्येक भोकात दोन्ही दोरे आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो." मी मान डोलावली. ते खूप बोलले त्या दिवशी.

तिसरं ठिकाण म्हणजे एका बाईंची पत्र्याची शेड. त्या जुन्या मशीन घेऊन, दुरुस्त करून विकत. बोटांना तेल, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी तुकडा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. लाकडासारखा आवाज आला.

"काका, याने घोडा बांधायचाय का तोफ?"

"पोटाचा पट्टा आहे," दाजी म्हणाले. "रोजचाच."

"मशीन आहे माझ्याकडे. पण हे मी तिच्यावर घालणार नाही. खरा रोजचा तुकडा आणा, मग बोलू."

"रोजचाच आहे म्हणतोय ना!" दाजींचा आवाज चढला. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "ठरलं?"

"एकही धड नाही," दाजी म्हणाले. "हाताची सर कशालाच नाही." आणि पाणी प्यायला आत गेले.

"तुकडा बघू रे," ताई म्हणाली.

मी तो तिच्या डाव्या हातात दिला. तिने अंगठा कडेवरून फिरवला. कड अशी घोटून गुळगुळीत केली होती की जोड डोळ्याला दिसत नव्हते. अंगठा मध्येच थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला.

"किती थर आहेत हे?"

"तीन ना?"

"चार. आणि मधला एक कच्च्या कातड्याचा आहे. हाडासारखा. खोगिरात कोण घालतं हा?"

दाजी पेला हातात घेऊन दारात उभे होते.

"अहो," ताई म्हणाली, "ही खोगीरभरती कशासाठी?" ती हसत होती, एका बाजूने. दाजी हसले नाहीत.

"मशीनच्या समोर कोणी बसत नाही," ते म्हणाले. "मी सगळीकडे बघितलं. एकच स्टूल असतं."

मला उठून जावंसं वाटलं, पण दारात ते उभे होते.

"मग काय करायचं?" ताईचं हसू गेलं होतं. शब्द सावकाश येत होते, आणि त्यामुळे एकेक जास्तच लागत होता. "हा हात उगवेल म्हणून वाट बघायची? दिवसभर बघत बसता तुम्ही. पेरून ठेवल्यासारखं. या हाताचं ओझं नाही होत हो मला. तुमच्या बघण्याचं होतं."

दाजींनी पेला खाली ठेवला. त्यात पाणी तसंच होतं.

"उद्या मी येते," ताई म्हणाली. "मी निवडते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला रिक्षाने त्या शेडमध्ये नेलं. बाईंनी स्वतःची खुर्ची दिली. ताईने तीन थरांचा तुकडा आणला होता, तिच्याच हातचं जुनं कात्रण, शिवायचं राहिलेलं. बाईंनी एका मोठ्या मशीनवरचा कपडा काढला. तिचा खालचा भाग टेबलासारखा सपाट नव्हता, मनगटासारखा पुढे आलेला होता. त्याच्याभोवती पट्टा फिरवता यायचा. सुई खिळ्याएवढी. बाईंनी पायाने हळूच दाबलं. ठक्, ठक्, ठक्, टाके पडत गेले. सुई मोडली नाही, मोटर ओरडली नाही. पाहता पाहता टोक आलं.

ताईने तुकडा उलटा केला आणि खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला. वरची बाजू तिने पाहिलीच नाही.

"खालचा दोरा सैल आहे."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. खाली वाकून स्क्रू पिळला, पुन्हा शिवलं. ताईने पुन्हा अंगठा फिरवला. "अजून थोडा." पुन्हा शिवलं. या वेळी ती खूप वेळ अंगठा फिरवत राहिली.

"हीच घ्या," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा सरळ जाते."

दाजी शेडच्या बाहेर जाऊन उभे होते. मी त्यांना बोलवायला गेलो. त्यांनी विचारलं, "शिवलं?" मी हो म्हणालो. त्यांनी नळावर तोंड धुतलं.

मशीन आली तेव्हा ठेवायला जागा एकच होती, शिकंज्याची. दोन माणसांनी ती आत आणली. दाजींनी शिकंजा माळ्यावर टाकला, आणि एक स्टूल उरलं ते मी खिडकीपाशी नेऊन ठेवलं. ताई त्यावर बसू लागली. मी आपला भिंतीला टेकून बसायचो. मशीनवर बसलं की दाजींची पाठ खिडकीकडे होत असे. मशीन फिरवता येईल का, असं त्यांनी बाईंना विचारलंही. पण विजेची तार पोचत नव्हती, आणि तार वाढवून घेऊ म्हणता म्हणता ते राहिलं.

जे काम दोघांना आठवडाभर पुरायचं ते दुपारपर्यंत संपू लागलं. मुकादम खूश झाला. खोगिरं तक्रारीशिवाय जात होती. आणि दुपारनंतर त्या खोलीत करण्यासारखं काहीच उरत नसे. तरी मेणाचा गोळा उन्हात ठेवला जात होता, ताईच्या तळहातावर दिला जात होता. दाजी आता समोर बसत नसत, एवढंच.

एका सकाळी मी गेलो तेव्हा दाजी मशीनवर होते आणि आवाज नेहमीचा नव्हता. जड, थांबून थांबून येणारा. मी जवळ गेलो. चार थरांचा तो तुकडा सुईखाली होता. सुई जात होती, येत होती, शेवटपर्यंत गेली. दाजींनी दोरा कापला, तुकडा हातात घेतला आणि मला हळू आवाजात म्हणाले, "शिवलं हो हिने."

खिडकीपासून ताई म्हणाली, "कळलं मला आवाजावरून." दाजींनी मागे वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने तिने मला खूण करून बोलावलं. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सोडवली आणि मेणाचा गोळा काढला. त्यावर एकाही बोटाचा ठसा नव्हता, दाजींनी ठेवला तसाच गोल होता.

"तुझ्या कपाटाचा खण अडकतो म्हणत होतास ना? त्याला लाव हे. इथे आता मेण लागत नाही, मशीनचा दोरा तयार मिळतो."

"ताई, डॉक्टरांनी..."

"घे म्हटलं ना, छोट्या."

मी घेतला. पुढे तिचा तो हात मिटत गेला आणि मिटलेलाच राहिला. दाजी अजून रोज मशीनवर बसतात. काम चांगलं आहे. मी गेलो की खिडकीपाशी ताईच्या शेजारी जमिनीवर बसतो आणि आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघतो.

गोळा माझ्या टेबलावर तसाच आहे. खण अजून अडकतो. ओढला की तिरका होतो, मग मी तो तसाच आत ढकलून देतो.