बॅकअप रोज घेतला जात होता

मंडळी, आज सिन्नरच्या एका कारखान्यात सर्व्हरची जागा वाढवायला गेलो आणि बारा वर्षांची ड्रॉइंग्ज घालवून आलो.

डिस्क गच्च भरली होती. कामाआधी ड्राफ्ट्समन शिंदेकाकांना विचारलं, "बॅकअप आहे ना?"

"रोज घेतो साहेब. एक दिवस चुकवलेला नाही."

मग मी नवी डिस्क जोडली आणि फॉरमॅट करताना चुकून जुनीचं नाव टाइप केलं. एंटर दाबल्यावर कळलं.

"काका, बॅकअपची टेप द्या."

"टेप कसली? त्याच डिस्कवर घेतो की. म्हणून तर ती भरली."

चूक माझीच. पण खरं सांगा, बॅकअप आहे का हे सगळेच विचारतो. कुठे आहे, हे कोण विचारतं?

निघालो तेव्हा काका बोर्डावर कोरा कागद लावून पेन्सिलीला टोक काढत होते.