पंच क्रमांक दोन

झनकलाल टेंभरे कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचत. मग ती कुरिअरची पावती असो, बँकेचा फॉर्म असो, की नातवाचं प्रगतिपुस्तक. बँकेत त्यांच्या मागची रांग वैतागायची. "काका, जल्दी करो ना," असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून मागे बघत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत.

आमच्या देवरीच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे भेटीला येणाऱ्यांची वही सरकवली. त्यांनी रकान्यांची नावं वाचली. "नाव. गाव. मोबाईल क्रमांक. भेटीचे कारण. वेळ. सही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कारणात काय लिवू?"

"जे काम असेल ते लिहा."

"ते तोंडी सांगाचं आहे. पन आज नाई."

कारणाचा रकाना कोरा ठेवून त्यांनी सही केली, पाणी प्यायले आणि आम्ही इथं नेमकं काय करतो ते विचारलं. मी सांगितलं. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या या गावांनी बरीच वर्षं पोलिसांच्या आणि जंगलातल्या बंडखोरांच्या, अशा दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्या. आता शांतता आली आहे असं सगळे म्हणतात, पण त्या वर्षांत तुरुंगात गेलेली माणसं अजून तुरुंगातच आहेत. त्यांना वकील मिळवून द्यायचा, गावात लोकांना त्यांचे हक्क सांगायचे, पोलिस आणि प्रशासनाबरोबर दर महिन्याला बैठक घ्यायची, असा आमच्या संस्थेचा कार्यक्रम होता आणि तो चालवायची जबाबदारी माझी होती. मी गोंदियाची. नागपुरात कायदा शिकले, पण कोर्टात फार थोडी गेले आणि अहवाल फार लिहिले. एवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर ते दर बाजाराच्या दिवशी यायला लागले. साठी ओलांडलेले, उंच, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा. सोळा-सतरा बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांची, धानाची शेती होती. घरी पोवारी बोलत, माझ्याशी झाडीबोली आणि रागावले की हिंदी. सुरुवातीला मला 'म्याडम' म्हणायचे. महिन्याभरात त्याचं 'बाई' झालं. आमच्याकडे लेकीला बाई म्हणतात. मला ते आवडलं होतं.

एकदा नागपूरहून एक प्रशिक्षक आले होते. ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी तासभर मानवी हक्कांवर भाषण दिलं. हे हक्क जन्मानंच मिळतात, कोणी दिलेले नसतात, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. टेंभरेजी उठले.

"म्हंजे हे आमाले आधीपासूनच होते?"

"हो, आधीपासूनच."

"मंग इतके वर्स कुठी गेले होते?"

सभागृहात हशा पिकला. प्रशिक्षकही हसले. टेंभरेजी उभेच राहिले. "हासून नका राहू," ते म्हणाले. "मी खरंच इचारून राहिलो."

लोकांनी कागद न वाचता अंगठे उठवू नयेत म्हणून आम्ही गावोगावी छोट्या सभा घ्यायचो. त्यातही ते हौसेनं येऊ लागले. कोणाचाही कागद घ्यायचे आणि खड्या आवाजात वाचून दाखवायचे. बायका विचारायच्या, मनातल्या मनात वाचलं तर नाही का चालत? "डोळ्यानं वाचलं का मन पुढं पळते," ते म्हणायचे. "तोंडानं वाचलं का जिथं अडकाचं तिथं अडकते." मी हे वाक्य माझ्या डायरीत लिहून घेतलं होतं. पुढच्या अहवालात कामी येईल म्हणून.

त्यांचं कारण मला कळलं ते फुलवंतीबाईमुळे. फुलवंती कुमरे ही सोमाची आई. सोमा चार वर्षांपासून तुरुंगात होता. त्याच्या घरातून तारा, पत्रकं आणि एक डबा जप्त केल्याचा पंचनामा होता, जामीन दोनदा फेटाळला गेला होता आणि खटला रेंगाळला होता. त्याची केस आमचे वकील बघत होते. त्या दिवशी फुलवंतीबाई पुढची तारीख विचारायला आली होती आणि बाकावर बसली होती. टेंभरेजी आत आले. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "पाटील, बरे आहा?"

टेंभरेजी आले तसे बाहेर गेले. त्यांची पिशवी माझ्या टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले होते. आत येऊन त्यांनी सांगितलं.

"बियाचं पोतं होतं सायकलवर. एका चौकीपुढून जाऊन राहिलो होतो. साहेबानं हात केला. या टेंभरेजी, चाय घ्या. टेबलावर चार कागद होते. दोन तं कोरेच. म्हने, पंच पाह्यजे, सही मारा. मी मारली. चाय पिली न् घरी आलो. सोमाच्या घरात काय सापडलं, मले काय मालूम? मी त्याच्या आंगनातबी गेलो नाई, बाई."

"तुम्हाला भीती वाटली असेल," मी म्हणाले.

"भीती वाटली असती तं बरं झालं असतं. लोकाले सांगाले तरी झालं असतं. भीती नाई वाटली. घाई होती. बी टाकाचं होतं."

सोमा आणि त्याची आई दरवर्षी रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, त्यांच्याच बांधीत यायची. सोमा पकडला गेल्याचं त्यांना दोन दिवसांनी कळलं, आणि आपल्या सहीचा अर्थ त्यानंतर हळूहळू. वकिलांनी फाईल काढली. पंचनाम्याखाली होतं, पंच क्रमांक दोन, झनकलाल टेंभरे. टेंभरेजींनी ती चार पानं मागून घेतली आणि मोठ्यानं वाचली. शेवटच्या पानावर, स्वतःच्या सहीपाशी, ते अडकले.

"मले कोर्टात घेऊन चला," ते म्हणाले. "आजच चला."

वकिलांनी सांगितलं की साक्षीदार म्हणून त्यांना समन्स येईलच, पण यादी मोठी आहे, वेळ लागेल. तोवर शपथपत्र करून ठेवता येईल आणि यांची साक्ष लवकर घ्या असा अर्जही करता येईल. कोर्ट ऐकेल की नाही हे सांगता येत नाही, पण गोष्ट रेकॉर्डवर तर येईल. मी म्हणाले, दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत मी काय विचार केला ते इथं सरळ लिहिते. तुरुंगात आमच्या माणसांना कैद्यांना भेटायची जी परवानगी होती, तिचं नूतनीकरण व्हायचं होतं. पोलिस अधिकाऱ्यांसाठी आम्ही पहिल्यांदाच एक कार्यशाळा ठेवली होती आणि मोठ्या मिनतवारीनं त्यांचा होकार मिळाला होता. कार्यक्रमाला निधी देणाऱ्या संस्थेचे लोक पाहणीला येणार होते. आणि नेमकं तेव्हाच आमच्या ऑफिसातून एक माणूस कोर्टात जाऊन सांगणार होता की पंचनामा खोटा आहे. एका सोमापायी बाकीच्या सगळ्यांच्या भेटी बंद पडतील, असं मी स्वतःला समजावलं. ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला पटलं.

टेंभरेजींना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. मी म्हणाले, "काका, तुमच्या जिवाला धोका नको. समन्स येईल तेव्हा सांगा. तेव्हा कोर्टच तुम्हाला बोलावेल, मग कोणी बोट दाखवणार नाही. तोवर कुठं काही लिहून देऊ नका."

त्यांनी विचारलं, "माझ्यासाठी म्हनून राहिली का?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

वकिलांना ते पटलं नव्हतं. "म्याडम, म्हातारा माणूस आहे," एवढंच ते बोलले. पण कार्यक्रम माझा होता.

परवानगी मिळाली. कार्यशाळा झाली. पाहुणे आले, त्यांना मोहाचे लाडू दिले, फोटो झाले. त्या तिमाहीच्या अहवालात मी एक यशोगाथा लिहिली. नाव न घेता लिहिलं की आमच्या सभांमुळे एका शेतकऱ्याला आपल्या जुन्या चुकीची जाणीव झाली आणि तो सत्य सांगायला पुढे आला. पाहुण्यांना ती फार आवडली. सत्य सांगायला पुढे आलेल्या त्या माणसाला मीच दारात थांबवून ठेवलं आहे, हे त्यात नव्हतं.

टेंभरेजी येत राहिले. दर खेपेला एकदा विचारत, "आलं का समन्स?" मी म्हणायची, अजून नाही. पावसाळ्यात आले, कापणी झाल्यावर आले, उन्हाळ्यात आले. फुलवंतीबाई बाकावर असली तर ते बाहेर पानठेल्यापाशी उभे राहत आणि ती गेल्यावर आत येत. एकदा म्हणाले, "ती मले बरे आहा म्हनून इचारते. मी काय सांगू तिले?" मी म्हणाले, थोडे दिवस धीर धरा. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "ठीक आहे, म्याडम."

बाईची मी पुन्हा म्याडम झाले होते. मला ते त्याच क्षणी कळलं, आणि तरीही मी अर्ज करायला सांगितलं नाही. त्या महिन्यात दुसरी एक बैठक होती.

असे चौदा महिने गेले. मग एके दिवशी बांधावरच त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्यानंतर पाच आठवड्यांनी समन्स आलं.

मी त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर होते. मला बघून त्यांनी डाव्या हातानं खाटेची कड धरली आणि बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसता आवाज आला. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचं तोंड पुसलं.

"रोज म्हनत होते, कोर्टात जाचं आहे," काकू म्हणाल्या. "मी म्हनायची, मंग काऊन नाई जात? तं म्हने, बाई थांबा म्हनते."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. मला चहा करून द्यायला त्या उठल्या, तेव्हा मी नको म्हणाले आणि कशीबशी निघाले.

तब्येतीचा दाखला देऊन साक्ष टाळता आली असती. टेंभरेजींनी ऐकलं नाही. डाव्या हातानं समन्सचा कागद छातीशी धरून ठेवला आणि कोणी घ्यायला गेलं की सोडेनात. शेवटी दोन पुतण्यांनी त्यांना गाडीत घातलं आणि कोर्टात खुर्चीसकट उचलून आणलं. सोमा समोर उभा होता. मी मागच्या बाकावर बसले होते.

न्यायाधीश भले होते. घाई करू नका, खुणेनं सांगितलं तरी चालेल, असं म्हणाले. पंचनामा दाखवून विचारलं, ही सही तुमची? टेंभरेजींनी मान खाली-वर केली. मग विचारलं, ही जप्ती तुमच्यासमोर झाली? टेंभरेजींची मान हलायला लागली ती थांबेचना. आडवी हलली, मग उभी, मग पुन्हा आडवी, कारण तोवर ते रडायला लागले होते आणि सगळं अंगच हलत होतं. घशातून एकच आवाज येत होता. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच झालं. थोडा वेळ थांबून त्यांनी लिहून घेतलं की साक्षीदार साक्ष देण्यास असमर्थ आहे. पुतण्यांनी खुर्ची उचलली. दारातून जाताना टेंभरेजी मान वळवून सोमाकडे बघत होते.

तो उन्हाळा त्यांनी काढला नाही. मी अंत्यविधीला गेले, पण लोकांच्या मागे उभी राहिले. गावातला एक जण मला म्हणाला, तुमच्या ऑफिसवर त्यांचा लई जीव होता.

सोमा त्यानंतर दीड वर्षानं निर्दोष सुटला. पहिला पंच आणि तपास करणारे अधिकारी यांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. टेंभरेजींच्या खुणा निकालात कुठंच नव्हत्या. सुटकेच्या चार महिने आधी फुलवंतीबाई गेली होती.

सोमा आपले कागद न्यायला ऑफिसात आला. बारीक झाला होता, केस कानाजवळ पांढरे झाले होते. मी त्याला बसवलं आणि फाईल दिली. मीच टेंभरेजींचा विषय काढला.

"तो नाई म्हनत होता," सोमा म्हणाला. "मी समोरच होतो. जजले नाई समजलं, मले समजलं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. वकील काय म्हणाले होते, मी काय म्हणाले, का म्हणाले, चौदा महिने कसे गेले. शपथपत्रानं तो नक्की सुटला असताच असं नाही, हेही मी सांगितलं, आणि सांगतानाच मला स्वतःची लाज वाटली. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "तवा माय जिती होती?"

"हो. दर तारखेला यायची."

त्यानं फाईलची दोरी बांधली. मग वर बघून म्हणाला, "हे तुमी मले कायले सांगून राहिल्या?"

उत्तर मला ठाऊक होतं. टेंभरेजी जे सांगायला तळमळत होते, त्यानं सोमाचा तुरुंग सुटू शकला असता. मी जे सांगितलं, त्यानं सोमाचं काहीच होणार नव्हतं. हलकं होणार होतं ते फक्त माझं मन.

सोमा उठला, फाईल काखेत घेतली आणि हायवेच्या कडेनं स्टँडकडे चालू लागला. मी दारात उभी राहून बघत होते. घर रिकामं असताना तो आता कोणाकडे जाणार आहे, हेसुद्धा मी त्याला विचारलं नव्हतं.